मराठीत न विचारायचा प्रश्न

रत्नागिरीत मांडवीच्या त्या घरात मी चार वर्षं भाड्याने राहिले. या चार वर्षांत घरमालकांनी मला माझं आडनाव एकदाही विचारलं नाही. पोलीस ठाण्यात द्यायचा भाडेकरूचा फॉर्म मी भरला, तो त्यांनी न वाचताच तीन घड्या घालून पाकिटात ठेवला, घडीवरून अंगठ्याचं नख दाबून फिरवलं आणि म्हणाले, "झालं. आता चपला कुठे काढायच्या ते बघून घ्या."

सगळी मांडवी त्यांना सिन्योर म्हणायची. मी काका म्हणत असे. इटालियन कंपनीच्या प्रवासी बोटींवर पंचवीस वर्षं नोकरी करून ते परत आले होते. सुरुवात लाँड्रीत झाली, मग खलाशांच्या खाणावळीत, आणि शेवटची दहा वर्षं केबिन साफ करण्यात आणि पलंग लावण्यात गेली. बोट सुटली तरी लाँड्री सुटली नव्हती. घरातला प्रत्येक कपडा ते स्वतः इस्त्री करत. पायपुसणीसुद्धा. पावसाने ओला झालेला पेपरही मी त्यांना इस्त्री करताना पाहिलं आहे. संध्याकाळी पाच वाजता कडक इस्त्रीची पांढरी पँट घालून ते बंदरावर फिरायला जात, आणि वाळूवर बसायला लागू नये म्हणून तासभर उभे राहत.

मी लांज्याजवळच्या गावातली. रत्नागिरीला एमआयडीसीतल्या आंब्याच्या रसाच्या कारखान्यात मला नोकरी लागली, रसाची गोडी आणि आंबटपणा मोजायची. जागा शोधायला तीन घरं फिरले. तिन्हीकडे मला आधी चहा मिळाला आणि मग प्रश्न. गाव कुठलं, गावात कुठली वाडी, वडील काय करतात, आडनाव काय, हे आडनाव तुमच्यात पण असतं का. मला त्यात वावगं काहीच वाटलं नव्हतं. असे प्रश्न आमच्या घरीही येणाऱ्याजाणाऱ्याला विचारले जात, आणि माझ्या उत्तरांनी कुठलंच दार बंद झालं नव्हतं. तिन्ही जागा मी दुसऱ्याच कारणांनी नाकारल्या.

काकांनी मला तीन गोष्टी विचारल्या. आंघोळ सकाळी किती वाजता, कपडे वाळत घालताना चिमटे लावता का, आणि मासे शिजल्याचा वास चालतो का. मग ते जरा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "दी दोवे सिएते?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आतून त्यांच्या बायकोचा, काकींचा आवाज आला, "घाबरू नको गो. इटालियन हाय ते. सगळ्यांना विचारतात."

"याचा अर्थ, तुम्ही कुठले," काका म्हणाले. "उत्तर आत्ता द्यायचं नाही. सहा महिन्यांत इटालियनमध्ये द्यायचं. मराठीत दिलंत तर मी ऐकणार नाही."

घराचा नियम तोच होता. त्या घरात कुणी कुणाला मूळ गाव, वाडी, आडनाव, आजा-पणजा यातलं काही मराठीत विचारायचं नाही. ज्याला विचारायचंच आहे त्याने आधी वाक्य शिकावं. एकदा गॅसच्या एजन्सीचा माणूस पावती फाडताना सहज म्हणाला, हे आडनाव नक्की कुठलं हो? काकांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि तेच वाक्य पाच वेळा घोकून घेतलं. त्याने ते बिनचूक म्हटल्यावर काकांनी त्याला इटालियनमध्येच उत्तर दिलं. त्याला अर्थातच ते कळलं नाही. तो पावती देऊन निघून गेला, आणि पुढच्या वेळी फाटकातूनच "दी दोवे सिएते" ओरडत आला. काका खूश झाले होते.

वाक्यं एका शाळकरी वहीत देवनागरीत लिहिलेली होती. पहिलं, तुम्ही कुठले. दुसरं, सिएते दी क्वी, म्हणजे तुम्ही इथलेच का. तिसरं, तुमचं कुटुंब इथे किती काळापासून राहतं. चौथं, दा दोवे वेनिवानो इ वोस्त्री नोन्नी, तुमचे आजी-आजोबा कुठून आले होते. पाचव्या वाक्यावर पेनाने इतक्या आडव्या रेघा मारल्या होत्या की मागच्या पानावर उमटल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ते लागत नाही.

त्यांची शिकवणी रविवारी सकाळी पडवीत चाले. उच्चारांवर फार जोर. "एकट्याला विचारायचं नाही, घराला विचारायचं," असं ते सांगत, म्हणून वाक्यं सगळी 'तुम्ही'ची होती. उत्तरात आडनाव आलेलं त्यांना चालत नसे. घरापुढे झाड कसलं आहे, पाणी विहिरीचं की ओढ्याचं, पावसात रस्ता बंद होतो का, असलं काही आलं की ते मान डोलवत. सहा महिन्यांनी मी माझं उत्तर दिलं. आमचं घर कातळाच्या खाली आहे, आणि मीओ नोन्नो पिआन्तावा आनाकार्दी, माझे आजोबा काजू लावायचे. काजूचा शब्द त्यांना आठवत नव्हता म्हणून त्यांनी आदल्या दिवशी बोटीवरच्या एका जुन्या सोबत्याला फोन करून विचारून ठेवला होता. उत्तर संपल्यावर त्यांनी हात मिळवला आणि त्या दिवसापासून मला 'अहो-जाहो' करायचं बंद केलं.

हे सगळं आलं कुठून ते मला काकींनी सांगितलं. लाँड्रीचा मुख्य जेनोवाचा एक म्हातारा होता. पहिल्याच दिवशी त्याने काकांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, कुठला तू? हे ऐकून काका सावध झाले, कारण या प्रश्नामागून कोणते येतात ते त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. ते म्हणाले, रत्नागिरी, समुद्राकाठी. म्हाताऱ्याने पुढे विचारलं, मग मासा कुठला मिळतो तिथे? आणि बांगड्यावर त्यांचं अर्धा तास बोलणं झालं. काकांनी त्या आठवड्यात वही विकत घेतली.

बोटीवरून पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी रत्नागिरीत जागा बघायला सुरुवात केली. बिऱ्हाड गावाहून इथे आणायचं होतं. एका घरी मालकीणबाईंनी फार प्रेमाने बोलावलं, चहा दिला. तालुका दापोली, गाव मुरुडच्या वरच्या अंगाला, हे ऐकून त्यांना आनंद झाला, त्यांचे कुणीतरी नातेवाईक मुरुडचे होते. काकांचं आडनाव गावावरून पडलेलं, ते चारपाच जातींत चालतं. म्हणून मग वाडी विचारली. मग आजोबा काय करायचे ते विचारलं. मग त्या बाईंना आठवलं की जागा भाच्यासाठी ठेवली आहे.

"चहाचा ग्लास तसाच राहिला," काकी म्हणाल्या. "ती बाई काय उचलायला येईना. मग ह्यांनीच मोरीत नेला, धुतला, पालथा घातला नि घरी आले. मला कायएक सांगितलं नाय. पाच वर्षांनी हे घर बांधलं तवा सांगितलं."

काका-काकी बौद्ध आहेत हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. समोरच्या खोलीत कपाटावर बुद्धाची पितळी मूर्ती होती. मला त्याचं काही वाटलं नाही असं मी स्वतःला सांगत होते, आणि ते बऱ्यापैकी खरंही होतं. फक्त घरी मी ते सांगितलं नव्हतं. आईला फोनवर म्हणाले होते की बोटीवरून रिटायर झालेले एक काका आहेत, भले लोक आहेत.

तिसऱ्या वर्षी कारखान्यात रसाचं नवीन यंत्र आलं, इटलीहून. ते बसवायला एक मेकॅनिक आला, पन्नाशीचा, धिप्पाड, इंग्रजी जेमतेम. दुसऱ्याच दिवशी तो यंत्राच्या जागेवरची फरशी बघून संतापला. पातळी चुकली होती. मॅनेजर इंग्रजीत समजावत होते, तो हातांनी उत्तर देत होता, आणि लाकडी खोकी तशीच आवारात पडून होती. हंगाम दोन महिन्यांवर आलेला. मी मॅनेजरना म्हणाले की माझ्या घरमालकांना इटालियन येतं. गाडी पाठवून काकांना आणलं.

ते आले ते बोटीवरचा गडद निळा कोट घालून. मॅनेजर म्हणाले, त्याला विचारा की फरशी किती उकरावी लागेल. काका मेकॅनिकसमोर जाऊन ताठ उभे राहिले आणि म्हणाले, दी दोवे सिएते?

मेकॅनिक थांबला. पार्मा शहराजवळच्या एका खेड्यातला होता तो. मग काकांनी दुसरं वाक्य काढलं, तिसरं काढलं. मेकॅनिकने खिशातून फोन काढून घराचा फोटो दाखवला, मागचं गवत दाखवलं, एक गाय दाखवली. पंधरा मिनिटं झाली. मॅनेजर माझ्याकडे बघत होते आणि मी फरशीकडे. शेवटी ते म्हणालेच, अहो, फरशीचं विचारा ना. काका म्हणाले, "प्यानो, प्यानो. सावकाश. माणूस अजून घरून निघालेला नाही."

मग फरशीचं बोलणं झालं. चार मिनिटांत. चारच इंच उकरायचं होतं, तेही एका कोपऱ्यात. दुसऱ्या दिवसापासून काका रोज कारखान्यात यायला लागले आणि मेकॅनिक त्यांच्याशिवाय पान्याला हात लावेना.

शेवटच्या पंधरवड्यात मेकॅनिकची बायको आली. काकांनी दोघांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. त्याच आठवड्यात माझी आई डोळे तपासायला रत्नागिरीला आलेली होती आणि माझ्या खोलीवर उतरली होती.

आई आल्या दिवशीच समोरच्या खोलीत मूर्तीपुढे थांबली. मला म्हणाली, "ह्ये काय गो?" मी म्हणाले, "शोभेची आहे. बोटीवरून आणलीय त्यांनी." आईने मान हलवली. काकी तिला दोन दिवस सौंदाळे माशांचं तिखलं पाठवत होत्या आणि आई वाटी चाटूनपुसून परत देत होती. मी खोटं बोलले तेव्हा काका पडवीत शर्टांच्या घड्या घालत होते. त्यांनी ऐकलं असेल असं मला वाटलं नाही.

रविवारी त्यांनी सकाळपासून टेबल मांडायला घेतलं. चादर अशी इस्त्री केलेली की कडेला हात लागला तर कापेल. प्रत्येक ताटावर रुमालाचा हंस करून ठेवलेला. आईने हंस उचलून बाजूला ठेवला आणि पुढे जेवण संपेपर्यंत त्याला धक्का लागू दिला नाही. सुरमई, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. काका स्वतः वाढत होते, बसायला तयार नव्हते. त्यामुळे आईसाठी मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. अडीच वर्षांत मला तेवढं यायला लागलं होतं.

वाढता वाढता काकांनी मेकॅनिकच्या बायकोला त्यांची चारही वाक्यं विचारली. ती गावातल्या शाळेत स्वयंपाक करायची, बोलायला मोकळी होती. ती म्हणाली, तिची आजी डोंगरातली. लग्नाआधी दर उन्हाळ्यात गावातल्या पोरींबरोबर दूर सपाटीवर भातशेतीच्या कामाला जायची. रोपं लावायची, तण काढायचं, चाळीस दिवस गुडघाभर पाण्यात. हे मी आईला सांगितलं आणि आईने घास खाली ठेवला.

"त्यांच्यात पण लावणी असते?" ती म्हणाली. मग मला म्हणाली, "विचार गो तिला, आजीच्या पायाला चिखल्या व्हायच्या का."

चिखल्यांना इटालियन शब्द मला येत नव्हता. मी पायाची बोटं दाखवून, मध्ये फाटतं, दुखतं, असं काहीतरी बोलले. ती बाई एकदम हो हो म्हणाली आणि तिने टेबलाखालून आपला पाय वर काढून आजीची बोटं कशी झालेली ते दाखवलं. आईने आपले दाखवले. आई इतक्या मोकळेपणी परक्या माणसाशी बोलताना मी त्याआधी पाहिली नव्हती. जळवांवर बोलणं झालं, पाण्यात गाणी म्हणतात का यावर झालं. मला भाषांतर पुरेना.

मग ती बाई काकांकडे वळली आणि तिने सरळ उलट विचारलं. तुम्ही? तुम्ही इथलेच का? काका म्हणाले, इथले नाही, उत्तरेला, शंभर-सव्वाशे किलोमीटर. गाव कसं आहे? डोंगरउतारावर. घरातून समुद्र दिसतो? नाही, आमच्या बाजूने दिसत नाही. आणि मग तिने, मघापासून जसं चाललं होतं तसंच, सहज विचारलं, "ए सूओ नोन्नो, के मेस्तिएरे फाचेवा?"

आणि तुमचे आजोबा काय काम करायचे? वहीतलं खोडलेलं पाचवं वाक्य कोणतं ते मला तेव्हा कळलं.

काकांनी सोलकढीचं भांडं टेबलावर ठेवलं. हाताला रुमाल लावला होता तो काढून खांद्यावर टाकला. मला वाटलं, ते तिला मासे वाढून विषय बदलतील. पण ते बसले, त्या दिवशी पहिल्यांदाच, आणि सावकाश दोन वाक्यं बोलले. माझे आजोबा गावातली मेलेली गुरं ओढून न्यायचे. आणि गावच्या हद्दी त्यांना ठाऊक होत्या.

हद्दींचं त्यांनी थोडं समजावून सांगितलं. दोन गावांत किंवा दोन भावांत जमिनीचा तंटा झाला की आजोबांना बोलवत, ते चालून दाखवत आणि ते चालले ती हद्द ठरे. बाई लक्ष देऊन ऐकत होती. ती म्हणाली, म्हणजे गाव सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत होतं.

"काय म्हणतात?" आईने मला विचारलं.

मी म्हणाले, "काकांचे आजोबा गावच्या जमिनींच्या हद्दी सांगायचे."

"असां," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आदर दिसला.

काका माझ्याकडे बघत होते. "अर्धं राहिलं," ते म्हणाले. "आधीचं वाक्य."

मी खाली बघितलं. मेकॅनिक आणि त्याची बायको आमच्याकडे आळीपाळीने बघत होते, त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"सांग," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी बोललो ते बोललो. तू फक्त सांगायचंयस."

मी सांगितलं. आईचा हात भातात होता तो तसाच राहिला. मग तिने कपाटावरच्या मूर्तीकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मग तिने पानातला भात संपवला, शेवटच्या शितापर्यंत. काकींनी आणखी वाढू का विचारलं तर पोट भरलं म्हणाली. बाकीचं जेवण नीट पार पडलं. इटालियन बाईने निघताना आईला मिठी मारली, आईने ती मारू दिली.

पाहुणे गेल्यावर आई खोलीत जाऊन पडली. मी काकांना टेबलावरची चादर काढायला मदत करत होते. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. चादर जुळवता जुळवता ते म्हणाले, "ती मूर्ती बोटीवरची नाही. काकीने सहा डिसेंबरला दादरहून आणलीय. एवढ्या गर्दीतून डोक्यावर धरून."

मी माझ्या हातातली दोन टोकं जुळवली.

"मी चूक काढत नाही," ते म्हणाले. "पण भाषांतर करणाऱ्याने पदरचं घालू नये आणि पदरात बांधूनही ठेवू नये. एवढं शीक." आणि त्यांनी माझ्या हातातली टोकं घेऊन चादरीची घडी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला एसटी स्टँडवर सोडायला गेले. लांज्याची गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसल्यावर तिने पिशवी मांडीवर घेतली आणि समोर बघत सांगायला सुरुवात केली.

ती दहा-अकरा वर्षांची असताना तिच्या माहेरी वडिलांचा आणि चुलत्यांचा काजू लावलेल्या भरड जमिनीवरून तंटा झाला होता. कोर्टात जायचं ठरत होतं. मग गावाने बौद्धवाडीतल्या एका म्हाताऱ्याला बोलावलं. तो भर दुपारचा अनवाणी कातळावरून चालत गेला आणि त्याने दगड दाखवले. चुलत्यांनी आदल्या दिवशी त्याला दम दिला होता, तरी त्याने खरेच दाखवले. भरड आईच्या वडिलांकडे राहिलं. त्याच काजूंवर तिचं आणि तिच्या बहिणींचं लग्न झालं.

"मग तो अंगणात आला," आई म्हणाली. "उन्हातच उभा रवला. पाणी मागितलंन. बापूस म्हणाला, घाल त्याला. मी वरून घातलं, ओंजळीत. लांबून घातलं, म्हणून अर्धं सांडलं. त्याने दुसऱ्यांदा काय मागितलं नाय."

गाडी लागली. आई उठली, पिशवी खांद्याला अडकवली. मला वाटलं ती आता वेगळं काही म्हणेल.

"तरी तू खोली बदल," ती म्हणाली. "गावात कळलं तर तुजं लग्न जमवताना मला जड जाईल."

गाडी सुटली. मी कारखान्यात गेले, संध्याकाळी घरी आले आणि पडवीत काकांना सगळं सांगितलं, पदरचं न घालता आणि काही न ठेवता. खोलीचंही सांगितलं. ते ऐकत होते. मी संपवल्यावर त्यांनी खोलीबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाले, "त्या म्हाताऱ्याचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, विचार. मी तिथूनच आईला फोन लावला. ती म्हणाली, "धाकू. धाकूच म्हणायचे सगळे. आडनाव काय कुणी विचारलं नाय." काकांनी वही आणून ते नाव एका कोऱ्या पानावर लिहिलं. ते त्यांचे कुणी लागत नव्हते. ते का लिहिलं, मी विचारलं नाही.

खोली मी बदलली नाही. घरी तसं कळवलं. आई त्यावर बोलली नाही आणि मांडवीलाही परत आली नाही. डोळ्यांच्या पुढच्या तपासणीला सकाळी येऊन दुपारच्या गाडीने परत गेली, मी स्टँडवरच भेटले.

दीड वर्षाने माझं लग्न ठरलं. मुलगा चिपळूणचा, बँकेत नोकरीला. मी त्याला सगळं आधीच सांगितलं होतं. त्याची हरकत नव्हती, त्याच्या घरच्यांना त्याने सांगितलं नव्हतं. लग्नासाठी खोली सोडून मी गावी आले होते; पत्रिका द्यायला मांडवीला स्वतः गेले. काका म्हणाले, आईला विचारलंस? मी म्हणाले, यादीत नाव मी लिहिलं आणि तिने वाचलं, खोडलं नाही.

लग्न लांज्याच्या हॉलमध्ये झालं. काका निळा कोट घालून आले, काकी जरीच्या साडीत. जेवणाच्या वेळी आम्ही दोघं नवराबायको पंगतीतून सगळ्यांना भेटत फिरत होतो. काकांच्या शेजारी माझ्या नवऱ्याचे मामा बसले होते, रिटायर झालेले, चौकस गृहस्थ. आई मुलीकडची म्हणून जिलबीचं ताट घेऊन आग्रह करत फिरत होती. आम्ही तिथे पोचलो तेव्हा मामा काकांना विचारत होते, "आपण मूळचे कुठले?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आधी आईच म्हणाली, "आमच्याकडचे हत ते."

ती काकांना सांभाळत होती, का मला, का स्वतःला, ते मला आजही सांगता येणार नाही. मामा म्हणाले, हो, पण गाव कुठलं? मी काकांकडे बघितलं. मला वाटलं, ते आता हात वर करून त्यांना वाक्य घोकायला लावतील आणि सगळे हसतील, आणि ते झालं असतं तर मला सुटल्यासारखं झालं असतं.

काकांनी हातातला घास खाली ठेवला. मराठीत म्हणाले, "तालुका दापोली." गावाचं नाव सांगितलं. "बौद्धवाडी. माझे आजोबा गावातली मेलेली गुरं ओढायचे. आणि गावच्या हद्दी त्यांना ठाऊक होत्या."

मामा "अच्छा, अच्छा" म्हणाले. थोडा भात चिवडला. मग शुगरचं काहीतरी पुटपुटत उठले आणि हात धुवायला गेले ते पलीकडच्या पंगतीत जाऊन कुणाशी तरी बोलत उभे राहिले. त्यांचं ताट अर्धं भरलेलं तसंच राहिलं. माझ्या नवऱ्याने माझा हात धरला. काकी काकांच्या पलीकडे बसल्या होत्या, त्या आपल्या पानात बघत होत्या.

आई जिलबीचं ताट हातात धरून उभी होती. मुलीच्या आईने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं असतं, आणि अजून एक अख्खी पंगत बाकी होती. तिने जिलबीचं ताट माझ्या हातात दिलं. मामांचं ताट उचलून टेबलाच्या टोकाला सरकवलं, हाताने जागा पुसली आणि त्या खुर्चीवर बसली.

वाढपी गोंधळून थांबला होता. आई त्याला म्हणाली, "माजं पान हितंच मांड."